पाहुणी जेवत नाही

“दिवेलागनीला दारी आलेला कोन हाय ते मंग इचार, पयलं त्याला खायला घाल. आनि तो जेवल्याबिगर तू घास उचलायचा नाय. कळला?”

कळलं, असं मी म्हटलं होतं. भागीरथीबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तेव्हा तळवलीच्या जुन्या घराच्या ओट्यावर बसून तांदूळ पाखडत होत्या आणि मी नवी नवरी होते. नव्या नवरीला दुसरं काय म्हणता येतं? पुढे ते घर पाडून तिथे चार मजली इमारत झाली, ओटा गेला, सासूबाईही गेल्या. नेम मात्र माझ्याकडे राहिला. सकाळची तुळस, गुरुवारचं अळणी जेवण, संध्याकाळचा दिवा आणि हा पाहुण्याचा नेम. पहिले तिन्ही देवाशी आहेत, त्यामुळे सोपे. चौथ्यात माणसं येतात.

दिवेलागणीला येतं कोण, तर कुरिअरवाला. तो “मॅडम, ओटीपी” म्हणतो, मी “आधी लाडू” म्हणते. मीटर बघायला येणाऱ्याला पोहे. गॅसवाला तर हल्ली मुद्दाम आमचा सिलिंडर शेवटी ठेवतो. आमचे यजमान, वामनराव, चारचौघांत सांगतात, “बरं झालं, ही डासांना पाहुण्यांत धरत नाही.” सगळे हसतात. मी काही बोलत नाही. बोलले तरी ते कुणाला ऐकू जात नाही. माझा आवाजच तेवढा आहे.

गणपती गेले आणि पितृपक्ष लागला. सासूबाईंची तिथी शनिवारी होती. त्यासाठी वन्सं, म्हणजे यजमानांची थोरली बहीण वेणूबाई, रविवारीच बॅग घेऊन हजर झाल्या होत्या. मंगळवारी संध्याकाळी मी देवापुढे दिवा लावला, सासूबाईंच्या फोटोला उदबत्ती ओवाळली आणि वळते तोच गॅलरीतून काहीतरी आत आलं. कबुतरांच्या जाळीला एका कोपऱ्यात भलं मोठं भोक आहे. ते शिवून घ्या, असं मी कधीपासून सांगते आहे. आधी मला वाटलं, वाळत घातलेला रुमाल उडाला. तो रुमाल भिंतीवर आपटला, घसरला, पुन्हा वर गेला आणि सासूबाईंच्या फोटोच्या चौकटीवर जाऊन बसला.

पतंग होता. पण दिव्यावर येतात तसला नव्हे. माझे दोन्ही पंजे शेजारी ठेवले तर जेवढे होतील तेवढा. विटकरी रंग, पंखांत मध्ये काचेसारखे आरपार दिसणारे त्रिकोण, आणि वरच्या पंखांची टोकं अशी वळलेली की एखादा साप मान काढून बघतो आहे. सुंदर होता. मी हात जोडले. सुंदर काही दिसलं की माझे हात आपोआप जुळतात, त्यात दुसरा अर्थ नव्हता.

पण वन्संनी नेमके तेच बघितले.

“आय गो!” त्यांच्या हातातला चहा बशीत सांडला. “आय आली! जयमाला, आय आली गो! बग, आपल्याच फोटोवर बसली!”

“वन्सं, पतंग आहे,” मी म्हटलं.

“वामन्या! ए वामन्या! आय आली रे!”

यजमान तेवढ्यात पावणे एमआयडीसीतून परतत होते. तिथे त्यांचा ॲक्रिलिकच्या पेट्या बनवायचा लहानसा कारखाना आहे. ते दारात आले, फोटोकडे बघितलं आणि चपला न काढता तसेच उभे राहिले. साठीला आलेला माणूस. आईच्या जाण्यालाही आता बरीच वर्षं झाली. त्यांचे डोळे भरलेले बघितले आणि मी जे पुढे बोलणार होते ते गिळलं.

गिळायला नको होतं. कारण पुढच्या अर्ध्या तासात गणपतीवर धूळ बसू नये म्हणून केलेली पारदर्शक पेटी माळ्यावरून खाली आली, यजमानांनी अलगद त्या जिवाला तीत घेतलं आणि वरचं झाकण स्क्रूनं आवळलं. हवेसाठी दोन भोकं पाडली.

“शनवारपावत ठेवू,” वन्संनी ठरवून टाकलं. “तितीचा निवेद तिला समोरासमोर दावू. कावल्याची वाट बगायलाच नको. साक्षात आयच जेवल.”

“शनिवारपर्यंत?” मी विचारलं.

“काय पुटपुटतंस? मोट्यानं बोल.”

मी मोठ्यानं काय बोलणार? मी स्वयंपाकघरात गेले. दिवेलागणीला घरात कुणीतरी आलं होतं. तो पतंग होता की सासूबाई, हा प्रश्न माझ्या नेमात बसतच नव्हता. आधी खायला घालायचं, मग नाव. मी केळ्याची चकती, मधाचं बोट आणि साखरेच्या पाण्यात भिजवलेला कापूस अशी बशी सजवली. यजमानांनी स्क्रू काढले, बशी आत सरकवली, स्क्रू लावले. आम्ही बघत बसलो. पाहुणी हलली नाही.

“लाजते हाय,” वन्सं म्हणाल्या आणि गवारीची भाजी-भाकरी घेऊन जेवायला बसल्या. यजमानही बसले.

मी वाढलं. मी बसले नाही. कुणी विचारलंही नाही. आमच्याकडे वाढणारी बाई जेवली असं सगळे धरूनच चालतात.

बुधवारी सकाळी केळं काळं पडलं होतं, मध तसाच होता. मी बशी बदलली, चहा घेतला आणि तुळशीला पाणी घालून आत येते तो आमच्या दिवाणखान्यात सोसायटी भरली होती. सोसायटी म्हणजे सेक्रेटरी श्यामसुंदरराव आणि तिसऱ्या मजल्यावरचा हितेश. पण ते दोघे बोलायला लागले की पुरेशी गर्दी होते.

श्यामसुंदरराव साताऱ्याकडचे, निवृत्त शिक्षक. “असं बघा वामनराव,” ते पेटीभोवती प्रदक्षिणा घालत म्हणाले, “हा ॲटलास पतंग. रात्री तुमच्या दारातून बघितला आणि लगेच एका वृत्तपत्राला कळवलंय. ‘तळवलीत दुर्मिळ ॲटलास’. आपल्या इमारतीचं नाव येणार.”

“काका, थांबा, थांबा,” हितेश मोबाइल पेटीला चिकटवून म्हणाला. हा मुलगा कॉम्प्युटरमधला, रात्रपाळी करून आलेला. “ॲप वेगळंच दाखवतंय. ही साऊथची जात आहे. टॅप्रोबानिस.”

“ॲपला काय कळतंय?”

“काका, तुम्हाला कुठून कळलं?”

“मी वाचलंय.”

“कशात?”

“ॲपमध्येच. पण वेगळ्या.”

मग फोटो सुरू झाले. एका फोटोत पेटीवर ट्यूबलाइटची तिरीप आली, तर ॲपनं उत्तर दिलं, ‘वाळलेलं पान’. दुसऱ्या फोटोत मागची वन्संची साडी आली, तेव्हा तर त्यानं माफीच मागितली. हितेश म्हणाला, “पेटीच्या बाहेर काढून घ्यावा लागेल.” श्यामसुंदरराव म्हणाले, “वार्ताहर येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. ओळख पक्की झाल्याशिवाय पेटी उघडणार नाही, हा सोसायटीचा निर्णय समजा.” माझ्या घरातल्या पेटीबद्दल!

“पण ते टॅप्रो म्हंजे काय?” इतका वेळ गप्प बसणं वन्संना जड जात होतं.

“टॅप्रोबाना. श्रीलंकेचं जुनं नाव आहे, मावशी.”

वन्सं उठून उभ्याच राहिल्या. “लंका? आरं, आमची आय तलवली सोडून कदी पनवेलला गेली नाय, नि लंकेची कशी व्हईल?”

हितेशनं यजमानांकडे बघितलं, यजमानांनी छताकडे. श्यामसुंदरराव म्हणाले, “म्हणूनच म्हणतो, ॲटलास.”

मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. पोटात कालच्या दुपारनंतर अन्न नव्हतं आणि डोक्यात एकच विचार होता. तिला काय आवडतं ते कुणी सांगेल का? लंकेची असो की पनवेलची, खाते काय?

“हितेश,” मी म्हटलं.

“ॲक्युरसी बघा ना काका, एकाहत्तर टक्के.”

“हितेश.”

“हां वहिनी, टेन्शन नका घेऊ, तुमची पेटी सुरक्षित आहे.”

“कुणी जाणकार नाही का? ॲप नको, माणूस.”

माझं बोलणं त्या दिवशी पहिल्यांदाच कुणाच्या तरी कानात शिरलं. त्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या गीतांजलीबाई पतंगांचा अभ्यास करत, असं त्याला आठवलं. त्यानं फोन लावला, फोटो पाठवले आणि स्पीकर चालू केला. बाई घाईत असाव्यात, मागे भांड्यांचे आवाज येत होते.

“मिशा बघा,” त्या म्हणाल्या. “बारीक आहेत की पिसासारख्या रुंद?”

“बारीक,” मी सांगितलं. मीच पेटीजवळ होते.

“पोट जाड?”

“हो.”

“मादी आहे. पोटात अंडी आहेत.”

“जात सांगा मॅडम,” श्यामसुंदरराव मध्ये घुसले. “ॲटलासच ना?”

“आपल्या सह्याद्रीत मिळतो तो बहुधा दक्षिणेतला असतो, टॅप्रोबानिस. रंगही तसाच वाटतोय. पण नुसत्या फोटोवरून मी शपथ घेणार नाही.”

“बघा!” हितेश म्हणाला.

“शपथ घेणार नाही म्हणाल्या त्या,” श्यामसुंदरराव म्हणाले. झालं. दोघांचं पुन्हा जुंपलं. मी फोन हळूच उचलला, स्पीकर बंद केला आणि स्वयंपाकघरात गेले.

“बाई, ती जेवत नाही,” मी म्हटलं. “केळं दिलं, मध दिला. काय देऊ?”

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. “काही देऊ नका. तिला तोंडच नसतं.”

“म्हणजे?”

“खाता येईल असं तोंड नसतं. जे काय खायचं ते अळी असताना खाऊन झालेलं असतं. आता फार तर आठवडाभराचं आयुष्य. त्यात नर भेटायचा, अंडी घालायची, संपलं. तुम्ही तिला ठेवलंय कशात?”

मी सांगितलं.

“अहो, शनिवारपर्यंत पंख आपटून आपटून चिंध्या होतील तिच्या. अंडीही फुकट जातील. संध्याकाळी झाडीत सोडा, अंधार पडायच्या बेताला. नर वासानं लांबून येतात. सोडाल ना?”

“सोडते,” मी म्हटलं.

“नक्की?”

“नक्की.”

फोन ठेवला आणि मग माझ्या लक्षात आलं की मी काय कबूल केलं. पेटीचे स्क्रू यजमानांनी आवळलेले. त्यांच्या अपरोक्ष पेटी उघडणं मला जमलं नसतं. ज्या माणसानं काल सगळी संध्याकाळ त्या पेटीसमोर स्टूल टाकून काढली, आईला कारखान्याची नवी ऑर्डर सांगितली, त्याची आई मी चोरून कशी सोडू? आणि नेमाचं काय? तोंड नसलेल्या पाहुण्याला जेवायला कसं घालायचं, हे सासूबाईंनी सांगून ठेवलं नव्हतं.

दुपारी मी वन्संना म्हटलं, “वन्सं, तिला तोंड नाही.”

“कोनाला?”

“सासूबाईंना. म्हणजे, पतंगाला.”

“आयला तोंड नाय?” वन्सं इतक्या हसल्या की ठसका लागला. “आख्ख्या तलवलीला इचार, आयला तोंड होता का नाय!”

संध्याकाळी यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, “शनिवारी सोडू ना. तीन दिवसांनी काय होतंय?” आणि आईला म्हणजे पेटीला पंख्याचं वारं लागेल म्हणून पंखा बंद केला. आम्ही सगळे घामानं निथळत बसलो. आतून पंख आपटल्याचा आवाज येत होता, कागद फडफडावा तसा. पेटीच्या तळाला तांबूस भुकटी पडली होती. वन्संनी ती चिमटीत घेऊन कपाळाला लावली. “अंगारा,” म्हणाल्या.

देवा, तूच बघ, असं मी मनात म्हटलं. उपाशी पोटी मनातही फार मोठ्यानं बोलता येत नाही.

गुरुवारी पहाटे उठले ती चक्कर येतच उठले. भिंत धरून गॅलरीत तुळशीपाशी गेले. पेटी दाराजवळच होती आणि गॅलरीच्या जाळीला बाहेरून आणखी एक पतंग लटकला होता. हिच्यापेक्षा लहान, रंगानं गडद, आणि मिशा पिसासारख्या रुंद. जाळी धरून तो थरथरत होता. आत पेटीत हीसुद्धा थरथरत होती. मध्ये जाळी आणि ॲक्रिलिक. हात लांब केला असता तर दोघांना लागला असता.

माझ्या मागे वन्सं आल्या होत्या. त्यांनी तोंडावर हात ठेवला.

“बापूस,” त्या कुजबुजल्या. मग कुजबूज संपली. “वामन्या! बाबा आलं रे! आयला न्याला बाबा आलं!”

यजमान धावत आले. त्यांनी बाहेर बघितलं, आत बघितलं. त्यांचा चेहरा एखाद्या लहान मुलासारखा झाला.

“मग जाऊ द्या ना तिला,” मी म्हटलं. “न्यायला आलेत तर जाऊ द्या.”

“येडी का काय?” वन्सं म्हणाल्या. “दोगांना ठेवू! जोडीनं निवेद दावू! वामन्या, मोटी पेटी कर. लय मोटी कर.”

आणि यजमान, खरंच सांगते, मापं घ्यायला लागले. हातानं, वितीनं. मी तुळशीच्या कट्ट्यावर बसले, कारण उभं राहवत नव्हतं. या घरात माणसाला शहाणपण यावं म्हणून मी इतकी वर्षं कोणासमोर दिवा लावते आहे?

तेवढ्यात शेजारच्या इमारतीच्या टाकीवरून कावळा आला. बोलावलं नव्हतं. एरवी पितृपक्षात गच्चीवर जाऊन घसा सुकेपर्यंत हाका मारल्या तरी जो येत नाही, तो आला, जाळीवरून बाबांना चोचीत धरलं आणि गेला. एक पंख तेवढा गिरक्या घेत खाली पार्किंगमध्ये पडला.

वन्संचं तोंड उघडं होतं, पण त्यातून आवाज येत नव्हता. मी त्यांना इतक्या वर्षांत असं कधी बघितलं नव्हतं. त्या हळूच माझ्याशेजारी बसल्या.

“कावला...” त्या म्हणाल्या आणि थांबल्या. त्याचं काय करावं हे त्यांनाही सुचेना.

आता बोलले नाही तर कधीच बोलू शकणार नाही, असं मला वाटलं. आवाज नेहमीचाच निघाला, पण पहाट होती, पंखा बंद होता आणि दोघेही गप्प होते.

“मी मंगळवारपासून जेवले नाही,” मी म्हटलं.

यजमानांची वीत हवेतच राहिली. “का?”

“दिवेलागणीला दारी आलेला जेवेपर्यंत आपण जेवायचं नाही. आईंनी सांगितलंय. तुम्ही म्हणता या आईच आहेत. मग त्या उपाशी असताना मी कशी जेवू?”

“मग सांगायचंस ना! दोन दिवस?”

“नेम सांगत फिरायचा नसतो. आणि तोंड नाही हे तर सांगितलं होतं. दोघांना सांगितलं.”

“मी हसली,” वन्सं स्वतःशीच म्हणाल्या. मग माझा हात हातात घेऊन बघू लागल्या. दोन दिवसांत पोटात नुसता चहा गेला होता. “आयनं बगितला असता तर मला लाटन्यानं हानला असता. तिच्या घरात सून उपाशी.” मग त्यांनी पेटीकडे बोट केलं. “मंग हिला देयाचा काय, जयमाला? तोंड नाय तर?”

“तिला झाडीत जायचंय. तेवढं द्यायचं. मग ती तृप्त झाली असं मी धरीन.”

यजमान आत गेले आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आले. पण दिवसा कावळे होते. म्हणून झाकणाचे स्क्रू फक्त सैल केले, पेटीवर सासूबाईंची जुनी सुती साडी टाकली आणि संध्याकाळची वाट बघितली. अंधारात ती शांत झाली. यजमान कारखान्यात गेले नाहीत. दुपारी श्यामसुंदरराव वार्ताहराचा निरोप घेऊन आले, तेव्हा वन्सं दारात आडव्या उभ्या राहिल्या. “आमच्यात सुतक पडलाय,” त्यांनी ठणकावलं. “फोटू नाय.” कसलं सुतक, हे विचारायचं धाडस श्यामसुंदररावांना झालं नाही.

उन्हं कलली तेव्हा यजमानांनी झाकण काढलं. मी फुलांची दुरडी पुढे केली. त्यांनी दोन्ही हातांनी तिला उचलून तीत ठेवलं आणि वर साडीचा पदर पसरला. एका पंखाची कड फाटली होती. त्यांनी पदराची टोकं दुरडीत खोचली.

“आई नव्हती ना ती?” त्यांनी विचारलं.

“मला नाही माहीत,” मी म्हटलं. “पाहुणी होती.”

“मी गाडी काढतो.”

“गाडीच्या हादऱ्यानं फडफडेल. डोंगराचा पायथा काही लांब नाही, मी हळूहळू जाईन. तुम्ही ते जाळीचं भोक शिवा.”

माझं पाऊल उंबऱ्यापाशी अडखळलं. परत येईपर्यंत दिवेलागण टळून गेली असती.

“जा गो,” वन्सं मागून म्हणाल्या. त्यांच्या हातात वात होती, तेलात बुडवलेली. “दिवा मी लावतंय. नि भात टाकून ठेवतंय. कोन आला दारी तर त्यालाबी घालीन.”

जिन्यात हितेश भेटला, ड्यूटीवर निघालेला. दुरडी बघून त्यानं कानातली वायर काढली. “वहिनी, फायनल झालं का? कुठली निघाली?”

“नाव मग,” मी म्हटलं.

तो भिंतीला चिकटून बाजूला झाला. दुरडी छातीशी धरून मी एक एक पायरी उतरले. फाटकाबाहेर आले आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या गाड्या थांबायची वाट बघत उभी राहिले. पलीकडे कारखान्यांच्या मागे डोंगर काळपट होत चालला होता. पदराखाली ती एकदाच हलली. सिग्नल लाल झाला, तशी मी चालू लागले.